नऊ एकांचा वर्ग

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. या सतरा अंकी संख्येचे अंक डावीकडून वाचले काय किंवा उजवीकडून, क्रम तोच राहतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांपैकी सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर तिचा पहिला अंक बसतो. एवढी मोठी संख्या नऊ वेळा १ लिहून झालेल्या १११११११११ चा वर्ग आहे.

हा गुणाकार कागदावर उभा मांडून पाहावा. गुणकातला प्रत्येक अंक १ असल्यामुळे खाली तीच ओळ नऊ वेळा उतरते, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकून. त्यामुळे उभी बेरीज करताना त्या घरात किती एक आले एवढेच आपण मोजत असतो: सर्वांत उजव्या घरात एक, शेजारी दोन, असे करत मधल्या घरात नऊ, आणि तेथून ओळी एकेक करून संपतात तशी मोजणीही उतरत जाते. कोठेही हातचा येत नाही, म्हणून ती जशीच्या तशी उत्तरात उमटते.

दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या घरात दहा येतात. हातचा एक डावीकडच्या नवात मिळून पुन्हा दहा होतात, त्याचा हातचा पुढच्या आठाला नऊ करतो, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ नाहीसा झाला!

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली आणि त्यावरूनच हे नाव आले, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

हरवलेला आठ दुसरीकडेही दिसतो. १११११११११ ला ९ ने भागू लागलो की ११, २१, ३१ अशा पायऱ्या येतात आणि भाग १, २, ३ असा वाढतो. पण ७१ मध्ये सातचा भाग गेल्यावर ८ उरतात, पुढचे ८१ नवाने नि:शेष भागले जातात, आणि भागाकार १२३४५६७९ होतो. म्हणजे १११११११११ = १२३४५६७९ × ९, आणि त्यातल्या ९ ने दुसऱ्या १११११११११ ला गुणले की ९९९९९९९९९ होतात; म्हणून सुरुवातीची आपली सतरा अंकी संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ इतकी आहे. अब्जातून एक वजा केला की ९९९९९९९९९ उरतात, म्हणून या संख्येने भाग जाणाऱ्या कोणत्याही संख्येचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे गट पाडून बेरीज केली, तर तिलाही भाग जातोच. येथे १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९.

९९९९९९९९९ ही स्वतःच एक ‘कापरेकर संख्या’ आहे, म्हणजे तिच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की तीच संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; त्याचप्रमाणे ९९९९९९९९९ चा वर्ग नऊ-नऊ अंकांच्या दोन गटांचा ९९९९९९९९८ ००००००००१ असा अठरा अंकी आहे, आणि त्या दोन गटांची बेरीज पुन्हा ९९९९९९९९९ येते.