हळद : मराठवाड्यातील औषधी उपयोग

हळद (संस्कृत : हरिद्रा) ही आल्याच्या कुळातील वनस्पती, तिचा जमिनीखालचा कंद मसाला, पूजाद्रव्य आणि औषध म्हणून वापरतात. मराठवाड्यात हिंगोली, नांदेड आणि परभणी हा तिचा पट्टा. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मे-जूनमध्ये लावलेले बेणे उन्हाळ्याच्या तोंडावर काढतात. कंद शिजवून, वाळवून, ढोलात घासले की हळकुंड तयार होते.

घरगुती औषधात भुकटीपेक्षा हळकुंडाचा मान मोठा, आणि तो रास्तच आहे. पाय मुरगळला की सहाणेवर चार थेंब पाणी टाकून हळकुंड उगाळायचे, गंध दाट झाले की पळीत कोमट करून सुजेवर लावायचे. लेप वाळून कातडी ओढू लागली की दुसरा थर. मुक्या माराला आंबेहळद लावतात, पण ती जात निराळी. घसा धरला तर हळद-मिठाच्या गुळण्या, खोकल्याला रात्री हळद घातलेले दूध. खुरपताना बोट कापले तर चिमूटभर हळद दाबून चिंधी बांधतात. मात्र जखम खोल असेल किंवा विळा गंजका असेल, तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच लागते; हळदीने ते टळत नाही.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथ असलेल्या चरकसंहितेने हळदीला कुष्ठघ्न (त्वचारोग घालवणाऱ्या) व विषघ्न (विष उतरवणाऱ्या) औषधांच्या गणांत घातले आहे. एवढे जुने ज्ञान असूनही जखम भरण्याच्या याच गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते आव्हानित केले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आजीच्या सहाणेवरचे ज्ञान कुणा एकाच्या मालकीचे झाले नाही, हे फार मोलाचे.

हळदीतील मुख्य घटक कर्क्युमिन, साधारण २ ते ५ टक्के. तो पाण्यात विरघळत नाही व अंगी कमी लागतो. स्निग्ध पदार्थ आणि मिरे यांनी शोषण वाढते. म्हणून दुधात तूप-मिरे घालण्याला अर्थ आहे. गुडघेदुखीवरील चाचण्यांत दिसलेला गुण मात्र बहुधा अर्काच्या मोठ्या मात्रेचा आहे, भाजीतल्या चिमटीचा नव्हे. अशा अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

रंग खुलवण्यासाठी काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे रसायन मिसळतात. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे घेऊन गिरणीत डोळ्यांदेखत दळून आणलेली हळद त्यामुळे अधिक भरवशाची.