इनटेकच्या पाईपात ऑइल दिसलं म्हणजे टर्बो गेलाच असं नाही

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर म्हणजे ती तापलेली हवा थंड करणारी जाळी. टर्बो डिझेल गाडीचा इंटरकूलरकडे जाणारा जाड होज पाईप काढून आत बोट फिरवलं तर बोट काळं तेलकट निघणार हे ठरलेलंच आहे, गाडी ठणठणीत असली तरी. पण होतं काय, गाडी भलत्याच कामाला गॅरेजमधे गेलेली असते, मिस्त्री तो पाईप काढून तेलकट बोट दाखवतो, "साहेब टर्बोचं सील गेलंय" म्हणतो आणि मालकाच्या डोळ्यासमोर पाच आकडी बिल नाचायला लागतं. कधीकधी मिस्त्रीचं खरंही असतं. पण नुसत्या बोटावरून ते कळत नाही, कारण इनटेकमधे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, थोडं ऑइल येणार हे धरूनच इंजिन बनवलेलं असतं.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडर शंभर टक्के बंद होत नाही. आत भडका उडतो तेव्हा त्यातला थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, निसटतो, गॅरेजवाले याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि पुस्तकात ब्लोबाय. खाली क्रँकशाफ्ट गरागरा फिरतोय, ऑइल सगळीकडे उडतंय, त्यामुळे हा गॅस निघताना ऑइलचं बारीक धुकं सोबत घेऊनच निघतो. आणि त्याला बाहेर काढणं तर भाग आहे, नाहीतर आत दाब वाढत जाऊन ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर येतं, क्रँकच्या सीलमधून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, कधी डिपस्टिकच वर ढकलून.

जुन्या गाड्यांत यासाठी एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, विषय संपला. मग लॉस एंजेलिसमधे डोळे झोंबवणारं धुरकं पडायला लागलं. तिथल्या कॅलटेक संस्थेत हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास नेमका कशामुळे येतो यावर काम करत होते, ते सोडून ते या धुरक्याच्या मागे लागले, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की हे तयार होतं. मग त्या रस्त्याकडे सोडलेल्या नळीवर सगळ्यांची नजर गेली. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून आणि अमेरिकाभर १९६३पासून तो गॅस परत इनटेकमधे सोडून जाळायला सुरुवात झाली, पीसीव्ही म्हणतात ती हीच पद्धत. आज आपल्या गाडीत हा गॅस नेणारा ब्रिदर पाईप एअर फिल्टरच्या पुढे येऊन मिळतो तो त्यामुळेच. मधे ऑइल वेगळं करणारा सेपरेटर असतो, बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरमधेच, पण अगदी बारीक थेंब त्यालाही चुकवतात आणि पुढे पाईपात जाऊन बसतात, फोडणीची वाफ एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर बसून चिकट थर होतो तसं.

म्हणजे नुसती ओल ही काळजीची गोष्ट नाही. पाईप उलटा केल्यावर ऑइल ओघळत असेल, डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसच्या मधे खाली जात असेल, मागून निळसर धूर येत असेल, तर मात्र शोधायला हवं. आणि शोधायचं म्हणजे ऑइल *कुठून आत शिरतंय* ते शोधायचं, कारण उपाय सगळा त्यावरच आहे.

आता टर्बोचं बघू. टर्बोमधे सील म्हणतात ते रबरी नसतंच. छोट्या कारच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखाच्या आसपास फेरे मारतो, तिथे रबर काय टिकणार. दोन्ही टोकांना खाचेत बसवलेली बारीक धातूची रिंग असते, पिस्टन रिंगच्याच जातीची, आणि ती एकटी ऑइल अडवू शकत नाही. ऑइल आत राहतं ते मुख्यतः बाहेरून एका बाजूने हवेचा आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्ट गॅसचा दाब असतो म्हणून, आणि आत आलेलं ऑइल लगेच खाली निघून जातं म्हणून. येताना ते पंपाच्या जोरावर बारीक नळीतून येतं, जाताना मात्र जाड नळीतून नुसतं आपल्या वजनाने चेंबरमधे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) पडतं, तिथे ढकलायला कोणी नाही. आता क्रँककेसमधे दाब वाढला तर हे ऑइल खाली पडणार कसं? ते टर्बोतच तुंबतं आणि दोन्ही टोकांनी बाहेर यायला लागतं. मग नवीन टर्बो बसवला तरी काही दिवसांत तोही गळतो, आणि मालक पार्ट डुप्लिकेट दिला म्हणून भांडायला जातो. दोष असतो तुंबलेल्या ब्रिदरचा, ब्रिदरमधल्या फाटलेल्या डायफ्रामचा (रबरी पडद्याचा) किंवा झिजलेल्या रिंगांचा, किंवा मागच्या वेळी पॅकिंगला थापलेलं सिलिकॉन त्या ड्रेनच्या नळीत सुटून अडकलेलं असतं. एअर फिल्टर चोंदला असेल तर उलट बाजूने तेच होतं, टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल बाहेर खेचलं जातं. एसी लावून तासन् तास गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली तरी थोडं येतं, कारण आयडलिंगला तो बाहेरचा दाब जवळजवळ नसतोच.

त्यामुळे पैसे खर्च करायच्या आधी बघायच्या गोष्टी अगदी फुकटातल्या आहेत. डिपस्टिक आधी. ऑइल मॅक्सच्या वर असेल तर क्रँक ते घुसळतो आणि धुकं भरपूर वाढतं, सर्व्हिस सेंटरला "डबा संपवून टाकतो" म्हणून जास्त ओतलेलं असतं ते इथे नडतं. बीएस-६ डिझेलमधे डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई अर्धवट राहत गेली, म्हणजे गाडी फक्त शहरात दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर सफाईसाठी जास्तीचं मारलेलं डिझेल ऑइलमधे उतरतं आणि पातळी आपोआप वर चढते. ऑइल वाढतंय म्हणून खूश व्हायचं नाही, ते पातळ होतंय.

मग पाईप बघायचे, आणि इथे मला सगळ्यात आवडणारी टेस्ट आहे. ब्रिदर टर्बोच्या *आधी* येऊन मिळतो, म्हणून टर्बोच्या आधीचा पाईप ब्रिदरच्या जोडापासून पुढे चिंब असेल तर ऑइल बहुतेक ब्रिदरमधून येतंय. आधीचा कोरडा आणि नंतरचा चिंब असेल तर टर्बोवर संशय. सगळे पाईप पुसून, थोडे दिवस चालवून मग बघायचं, जुन्या ओलीवरून काही ठरवायचं नाही. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा, आडवा किंचित हलणं चालतं कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो, पण पुढेमागे प्ले हाताला जाणवायला नको आणि पाती घराला घासल्याच्या खुणा तर अजिबातच नकोत.

दाब मोजायचा तर पारदर्शक नळीचा मोठा यू करून अर्धा पाण्याने भरायचा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवायचं आणि इंजिन चालू. दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. आयडलिंगलाच पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जात असेल आणि रेस केल्यावर अजून चढत असेल, तर क्रँककेस कोंडलंय, आधी ब्रिदर साफ करा. तरी तेच, तर रिंगा, म्हणजे कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधे हवा भरून गळती बघायची) टेस्ट. फक्त यूच्या दोन्ही बाजू उंच ठेवा, उलटी ओढ लागली तर पाणी इंजिनात जाईल. आपल्याकडे गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणायचे ते फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट, रांजणगावला आणि मानेसरला बनलेलं, ते असलेल्या कितीतरी गाड्या अजून पळतायत आणि आता त्यांचं वय झालंय, अशा कुठल्याही जुन्या टर्बो डिझेलला टर्बोची ऑर्डर देण्याआधी ही टेस्ट केलीच पाहिजे असं माझं मत आहे.

बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत गोष्ट सोपी. ब्रिदरच्या गॅसची वाट कमीजास्त करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडाच अडकला की बंद थ्रॉटलमागची ओढ ऑइल सरळ मॅनिफोल्डमधे खेचते. व्हॉल्व्ह काढून हलवा, बहुतेक गाड्यांत तो खुळखुळतो, नाही खुळखुळला तर बदला, स्वस्त असतो. घाट गिअरमधे उतरून आल्यावर एक्सिलरेटर दाबताच निळा धूर येत असेल तर सिलिंडरच्या (पीसीव्हीच्या नव्हे) व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या पेट्रोलमधे वेगळीच कटकट, पेट्रोल थेट सिलिंडरमधे जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि ऑइलचं धुकं त्यांच्यावर भाजून कडक कार्बन होतो. तो काढायला अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या प्रेशरने मारतात, धातूला ओरखडा न पडता कार्बन निघतो.

डिझेलमधे मात्र टाळाटाळ धोक्याची आहे. इंटरकूलरच्या तळाशी साचलेलं ऑइल एकदम खेचलं गेलं तर इंजिन त्यावरच चालायला लागतं, रेस आपोआप वाढत जाते, चावी बंद केली तरी थांबत नाही कारण इंधन टाकीतून येतच नसतं. मॅन्युअल गाडी असेल तर सगळ्यात वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, इंजिन बंद पडतं. तसं जमलं नाही तर लांब व्हायचं. इनटेकच्या तोंडावर हात ठेवून हवा अडवायला कोणीही जाऊ नये.

दुरुस्ती कुठलीही असो, इंटरकूलर उतरवून साफ केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. टर्बोची पाती तुटली असतील तर त्याचे तुकडेही त्यातच असतात आणि ते पुढे इंजिनात जातात. नुसतं जुनं ऑइल राहिलं तरी ते जळून संपेपर्यंत धूर येत राहतो आणि परत सगळे नव्या टर्बोकडेच बोट दाखवतात.