सिद्धान्त कंपनीत पोचतो, अटी वाटेत गळतात

महिन्याला १०० नग विकले तर पगाराच्या १० टक्के बोनस. ९९ विकले तर काही नाही. नियम एवढाच. व्यवस्थापनाच्या बैठकीत तो दहा मिनिटांत मंजूर होतो, कारण त्यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. पण या एका ओळीत माणसाच्या स्वभावाबद्दल तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पैसे दिसले की माणूस जास्त राबतो. जे मोजता येतं तेच काम. आणि एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या कामाशी संबंध नसतो. नियम लिहिणाऱ्याने या गोष्टी स्वतः पडताळून पाहिलेल्या नसतात. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रातल्या कल्पना पाठ्यपुस्तकांतून, सल्लागारांच्या सादरीकरणांतून त्याच्यापर्यंत आलेल्या असतात, आणि येता येता मूळ मांडणीतल्या अटी गळून गेलेल्या असतात.

हाच नियम २६ तारखेला कसा दिसतो ते बघा. तीन विक्रेते आहेत. एकाचे ९४ नग झालेत, दुसऱ्याचे ५५, तिसऱ्याचे ११८. पहिला उरलेल्या सहा नगांसाठी हवी तेवढी सूट देतो, ओळखीच्या दुकानदाराच्या गळ्यात माल मारतो. त्यातला काही पुढच्या महिन्यात परत येतो. दुसऱ्याचा महिना हातचा गेलेला आहे, म्हणून तो आता गिऱ्हाइकं जमवतो आणि बिल करायला १ तारखेची वाट पाहतो. तिसऱ्याच्या हातात ऑर्डर असली तरी तो ती दडपून ठेवतो, कारण ११९व्या नगाचं मोल त्याला शून्य आहे आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या नगाचं भरपूर. कंपनीच्या आलेखात महिन्याचा शेवट उंच सुळका दाखवतो, पहिला आठवडा ओसाड पडतो, आणि परत आलेल्या मालाचा ढीग वाढतो. इथे कुणी लबाडी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिघेही नियमाने सांगितलं तेच करत आहेत.

दोष उंबरठ्याचा आहे. ९९ आणि १०० यांच्यात अख्खा बोनस अडकवला की माणूस त्या एका पायरीभोवती घोटाळतो. उपाय साधा आहे: प्रत्येक नगाला ठरावीक दर द्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तोच, आणि हिशेब परत आलेला माल वजा करून ठरावीक मुदतीनंतर करा, समजा ६० दिवसांनी. ऑर्डर दडपण्यातही फायदा उरत नाही आणि महिनाअखेर रेटून विकण्यातही.

या विचारांचं मूळ बरंच जुनं आहे. ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ सालच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. टाचणी बनवण्याच्या सुमारे १८ क्रिया वाटून घेतल्या तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एकट्याने सगळं करायचं म्हटलं तर त्याच्या हातून २० देखील होणार नाहीत. श्रमविभागणीचा हा दाखला व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. त्याच ग्रंथात पुढे स्मिथने लिहिलं आहे की आयुष्यभर दोन-तीनच साध्या क्रिया करणाऱ्या माणसाची बुद्धी बोथट होते. हा दुसरा भाग क्वचितच कुणी शिकवतो.

त्याची किंमत फोर्डच्या मोटार कारखान्याला मोजावी लागली. १९१३ साली तिथे सरकता जुळणीपट्टा आला आणि एका गाडीचा सांगाडा जुळवायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. पण काम इतकं कंटाळवाणं झालं की माणसं टिकेनात. त्या वर्षी कामगारांच्या गळतीचं प्रमाण ३७० टक्के होतं. सुमारे १४,००० कामगार कायम राखण्यासाठी वर्षभरात ५०,००० हून अधिक माणसं भरावी लागली. प्रत्येक नव्या माणसाला शिकवणं, त्याच्या हातून बिघडलेला माल, पट्ट्यावर पडलेली खिंडारं हे सगळं खर्चाच्या वहीत वेगळ्या ओळीवर दिसत नाही, पण खर्च तर होतोच. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाची कमाई साधारण दुप्पट करून ५ डॉलर केली आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. गळती झपाट्याने उतरली. बाजारभावापेक्षा जास्त मजुरी देणं कंपनीलाच परवडू शकतं, ही मांडणी अर्थशास्त्रज्ञांनी पुढे कितीतरी दशकांनी सविस्तर केली. मात्र या ५ डॉलरांनाही अटी होत्या: जादा रक्कम फक्त पात्र ठरलेल्यांना मिळे, आणि कामगाराचं घरचं वागणं तपासायला कंपनीची माणसं दारात जात.

कामगाराच्या मनाकडे लक्ष देण्याच्या विचाराला खरा जोर आला हॉथॉर्नच्या प्रयोगांनी. शिकागोजवळच्या त्या टेलिफोन-साहित्याच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रकाश, विश्रांती, कामाचे तास बदलून पाहिले गेले. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढतं आणि कमी केला तरी वाढतं, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय हे माणसाला जाणवतं, अशी कथा त्यातून पसरली. प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी पुढे सापडली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणात असा ठळक परिणाम दिसलाच नाही. कथा मात्र व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही सांगितली जाते. एखादी कल्पना सोयीची आणि ऐकायला छान असेल तर पुरावा क्षीण असूनही ती टिकते, हे व्यवसायात काम करणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवायला हवं.

कंपनी कुणासाठी चालवायची, या प्रश्नाचंही असंच झालं. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलं की व्यवसायाची सामाजिक जबाबदारी नफा वाढवणं हीच आहे. त्याच वाक्यात खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता, खुल्या स्पर्धेत, अशी चौकटही होती. पुढे १९७६ साली मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी मालक आणि व्यवस्थापक यांच्या हितसंबंधांतली फट गणिताने मांडली: दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा माणूस तो स्वतःचा असल्यासारखा सांभाळेलच असं नाही, म्हणून देखरेखीचा आणि मोबदल्याच्या रचनेचा खर्च येतो. निदान अचूक होतं. व्यवसायजगताने त्यातून औषध काढलं ते म्हणजे अधिकाऱ्यांना शेअरचे पर्याय देणं, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे कधीतरी आज ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क. १९९३ साली अमेरिकेच्या करकायद्याने बड्या अधिकाऱ्याच्या १० लाख डॉलरवरच्या पगारासाठी कंपनीला मिळणारी करातली वजावट बंद केली, पण कामगिरीशी जोडलेला मोबदला त्यातून वगळला, आणि पर्यायांच्या वाटपाला आणखी जोर आला.

शेअरचा भाव तिमाहीच्या नफ्यावर हलतो, म्हणून अधिकाऱ्याचं लक्षही तिमाहीवर खिळतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वित्त अधिकाऱ्यांना विचारलं होतं की नफ्याचा अपेक्षित आकडा हुकणार असेल तर काय कराल. सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं की संशोधन, जाहिरात आणि देखभालीवरचा खर्च कमी करू. देखभालीचा खर्च कापला की यंत्र त्या तिमाहीत बंद पडत नाही, ही यातली मेख आहे. ते दोन वर्षांनी बंद पडतं, आणि तोवर पर्याय वटवून झालेले असतात. मालक आणि व्यवस्थापक यांच्यातली फट बुजवायला आणलेल्या औषधाने ती फट फक्त पुढच्या वर्षांत ढकलली.

म्हणून पैशाचं आमिष निरुपयोगी आहे असं समजायचं का? अजिबात नाही. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या सेफलाइट या मोटारींच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचा अभ्यास केला. १९९४-९५ मध्ये तिथे तासाच्या मजुरीऐवजी नगावर मजुरी सुरू झाली आणि दर माणशी उत्पादन ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातली साधारण अर्धी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे होती. उरलेली मुख्यतः चपळ माणसं कंपनीकडे आल्यामुळे आणि टिकल्यामुळे. हा आकडा हिरिरीने सांगितला जातो. तो ज्यामुळे शक्य झाला ते तपशील मात्र मागे पडतात. एक, जुन्या मजुरीइतकी किमान कमाई हमखास होती, त्यामुळे मंद हाताचा माणूस उपाशी पडत नव्हता. दोन, कोणती काच कुणी बसवली याची नोंद होती. तीन, चुकीची बसवलेली काच त्याच माणसाने बिनपगारी पुन्हा बसवायची होती. म्हणजे काम एकट्याचं होतं, दर्जा डोळ्यांनी दिसत होता आणि चूक नेमकी कुणाची ते कळत होतं.

ज्या कामात हे तिन्ही नाही तिथे काय होतं, हे बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवलं. एका माणसाकडे दोन कामं आहेत, एक मोजता येणारं आणि दुसरं न येणारं. मोजता येणाऱ्यावर घसघशीत बक्षीस लावलं की तो दुसऱ्या कामातला वेळ काढून पहिल्यात घालतो. मदतकेंद्रातल्या माणसाला तासाला किती फोन घेतले यावर पैसे दिले तर तो फोन लवकर ठेवतो, आणि तोच ग्राहक पुन्हा फोन करतो. आकड्यात मात्र दोन फोन दिसतात. अशा ठिकाणी ठरलेला पगार देणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आळसाचा नव्हे.

दंडाची गोष्ट आणखी नाजूक आहे. १९९८ साली इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या १० पाळणाघरांत एक प्रयोग झाला. मुलांना घ्यायला पालक उशिरा येत. चार आठवडे नुसत्या नोंदी घेतल्या, मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल (तिथलं चलन) दंड लावला. उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली. आधी शिक्षिका आपल्यासाठी थांबली आहे, याची पालकांना भीड वाटत असे. दंड आला आणि उशीर ही विकत घ्यायची सेवा झाली, तीही स्वस्तात. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी प्रयोग संपेपर्यंत उशीर उतरला नाही. भिडेचं नातं एकदा दरपत्रकात गेलं की दर शून्य केल्याने परत येत नाही.

दर ठरवतानाही भीड आडवी येते. हिमवादळानंतर दुकानदाराने बर्फ उपसायच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर केली, हे योग्य की अन्यायाचं? १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. मागणी वाढली की भाव वाढणार, हे पुस्तकात बरोबर आहे. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढलेला नसताना गिऱ्हाइकाच्या अडचणीवर भाव चढवला, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ शकतं. मागणीप्रमाणे भाव आपोआप बदलणारी प्रणाली बसवताना संकटकाळासाठी वरची मर्यादा आधीच घालून ठेवावी. प्रणालीला हिमवादळ कळत नाही, फक्त मागणी कळते.

तेव्हा नवा नियम लावण्यापूर्वी तो कागदावर उलगडावा. या नियमात माणूस कसा आहे असं धरलं आहे, ते एका वाक्यात लिहावं. ज्यांना तो लागू होणार आहे त्यांच्यापैकी दोघा-तिघांना विचारावं की काम अजिबात न सुधारता हा आकडा कसा वाढवता येईल. ते पाच मिनिटांत तीन पळवाटा सांगतील आणि त्या खऱ्या असतील. न मोजलेल्या कामांची यादी करून त्यातल्या निदान एकावर नजर ठेवायची सोय करावी, जसं की परत आलेला माल, पुन्हा आलेले फोन, सोडून गेलेली माणसं. आणि नियम सगळीकडे एकदम लावू नये. काही शाखांत लावावा, काही तशाच ठेवाव्यात, आधीच्या चार आठवड्यांच्या नोंदी घ्याव्यात, आणि काय दिसलं तर नियम मागे घ्यायचा ते सुरुवातीलाच लिहून ठेवावं. हायफातल्या चार पाळणाघरांत दंड लावलाच नव्हता. तिथे उशीर होता तेवढाच राहिला, म्हणूनच बाकीच्या सहांत जे घडलं ते दंडामुळे घडलं हे सांगता आलं.