खासगी प्रत-आकार आणि डिजिटल संगीतवादक

खासगी प्रत-आकार : ध्वनिमुद्रित गाण्याची घरच्या घरी, स्वतःपुरती प्रत काढायची मोकळीक श्रोत्याला द्यायची आणि तिचा मोबदला कोऱ्या कॅसेट, सीडी किंवा ध्वनिमुद्रण-उपकरणांच्या विक्रीतून गीतकार, संगीतकार, गायक-वादक व निर्माते यांना पोचवायचा, अशी कायदेशीर व्यवस्था. ‘आकार’ म्हणजे इथे शुल्क. पाश्चात्त्य देशांत तिला ‘लेव्ही’ म्हणतात. मराठी वाचकाला लेव्ही म्हटले की ज्वारी आणि साखर आठवते. ती लेव्ही सरकार घेत असे. ही कलावंतांच्या संस्थेकडे जाते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या आकाराविरुद्धचा बराचसा प्रचार त्याला ‘कर’ म्हणूनच झाला.

व्यवस्थेचा उगम पश्चिम जर्मनीतला. टेपरेकॉर्डर घरात आला तसा वाद पेटला आणि घरात टेपवर काढलेली प्रतसुद्धा हक्कधारकाच्या परवानगीशिवाय काढता येणार नाही, असा निकाल तिथल्या संघीय न्यायालयाने १९५५ मध्ये दिला. पण बंद दाराआड कोण काय मुद्रित करतो हे कळणार कसे? संगीतकारांच्या ‘गेमा’ या संस्थेने यंत्र घेणाऱ्यांची ओळख विक्रीच्या वेळीच नोंदवून घ्यावी अशी मागणी केली. घराच्या खासगीपणाला त्यामुळे धक्का बसेल, म्हणून १९६४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मग १९६५ च्या कायद्याने मधला रस्ता काढला : श्रोत्याच्या घरात डोकवायचे नाही, यंत्राच्या निर्मात्याकडून किमतीच्या जास्तीत जास्त ५ टक्के घ्यायचे. १९८५ मध्ये कोऱ्या टेपही त्यात आल्या. या आकाराची खरी बाजू इथेच आहे. तो दंड नाही. श्रोत्यावर पाळत न ठेवता कलावंताचे देणे चुकवण्याचा तो मार्ग आहे.

कॅनडाने हा मार्ग १९९७ च्या दुरुस्तीने स्वीकारला. तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या आठव्या भागाप्रमाणे गाण्याची प्रत काढणे हा हक्कभंग नाही, मात्र ती काढणाऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी हवी आणि ‘ध्वनिमुद्रण माध्यमा’वर हवी. मित्राची सीडी आणून स्वतःसाठी काढलेली प्रत यात बसते. मित्रासाठी काढून दिलेली बसत नाही. कोरे माध्यम बनवणारा किंवा आयात करणारा आकार भरतो. त्याचा दर कॉपीराइट मंडळ ठरवते. कोऱ्या सीडीमागे तो पुढे २९ सेंटपर्यंत गेला. वसुली व वाटप ‘कॅनेडियन प्रायव्हेट कॉपीइंग कलेक्टिव्ह’ ही संस्था करते. कोणत्या घरात कोणते गाणे उतरवले गेले हे कळत नसल्याने वाटपासाठी रेडिओवरील प्रसारण आणि विक्री यांचा आधार घेतात. ५८.२ टक्के गीतकार-संगीतकार व प्रकाशक, २३.८ टक्के गायक-वादक आणि १८ टक्के निर्माते अशी विभागणी आहे. गीतकार-संगीतकार परदेशी असला तरी पात्र ठरतो, गायक आणि निर्माता मात्र कॅनडाचाच लागतो. म्हणजे टोरांटोतल्या घरात मराठी भावगीताची प्रत निघाली, तर नियमाप्रमाणे चाल बांधणाऱ्याचा हक्क उभा राहतो, भारतात राहून ते गाणाऱ्याचा राहत नाही.

मग आयपॉड आला. डिसेंबर २००३ मध्ये मंडळाने डिजिटल संगीतवादकांवर, म्हणजे गाणी साठवून ऐकवणाऱ्या अशा यंत्रांवर, आकार बसवला : १ गिगाबाइटपर्यंत २ डॉलर, त्यापुढे १० गिगाबाइटपर्यंत १५ आणि त्याहून मोठ्या क्षमतेला २५ डॉलर. आत कायमची बसवलेली स्मृती हेही माध्यमच आहे, असे मंडळाचे म्हणणे होते. उत्पादक-विक्रेते न्यायालयात गेले. डिसेंबर २००४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की कायदा माध्यमाबद्दल बोलतो, उपकरणाबद्दल नाही, आणि संगीतवादक हे उपकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पुढचे अपील दाखल करून घेतले नाही. कलावंतांचा आकार तर गेलाच, पण श्रोत्याचेही संरक्षण गेले. प्रत ‘माध्यमा’वर नसेल तर आठव्या भागाची सूट लागू होत नाही; त्यामुळे स्वतःच्या पैशाने घेतलेली सीडी आयपॉडवर उतरवणारा माणूस त्या सुटीबाहेर पडला. हा निकाल शब्दाला धरून होता, यात शंका नाही. पण टेपचे रीळ यंत्रापासून वेगळे करता येत होते त्या काळाची व्याख्या चिपवर लावल्याने दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

संस्थेने पुन्हा प्रयत्न केला. ३० गिगाबाइटहून मोठ्या वादकावर ७५ डॉलर मागितले, तेव्हा सहानुभूती असलेलेही बिचकले असतील. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने तेच उत्तर दिले. २०१० मध्ये खासदार चार्ली अँगस यांनी व्याख्या बदलण्याचे विधेयक आणले. सरकारने त्याला ‘आयपॉड कर’ ठरवून विरोध केला. २०१२ च्या सुधारणेने कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीची स्वतःच्या उपकरणावर नक्कल करायला परवानगी दिली, मोबदला न ठेवता. उसनी किंवा भाड्याने आणलेली प्रत त्यातून वगळली. त्याच वर्षी मायक्रोएसडी कार्डेही आकारातून वगळली गेली.

अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांवर २ आणि कोऱ्या माध्यमांवर ३ टक्के आकार ठेवला, पण संगणक त्यात धरला नाही. संगणकावरून गाणी घेणारा ‘रिओ’ हा छोटा वादकही त्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला, असे १९९९ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले. युरोपीय न्यायालयाने २०१० च्या ‘पादावान’ खटल्यात आकाराला मर्यादा घातली : खासगी नक्कलीशी उघडच संबंध नसलेल्या, कंपन्या व व्यावसायिकांनी घेतलेल्या माध्यमांवर तो सरसकट लावता येणार नाही. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने क्लाउडवर काढलेली खासगी प्रतही मोबदल्याच्या नियमात येते असे म्हटले, आणि जो प्रश्न कॅनडात ‘माध्यम’ या शब्दापाशी अडला होता तो तिथे पुढे सरकला.

भारतात असा आकार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील खासगी वापराची सूट २०१२ पर्यंत साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणे व चित्रपटही तिच्यात आले. ‘उचित वापरा’च्या मर्यादेत घरी काढलेल्या प्रतीसाठी श्रोता काही देत नाही, आणि गीतकार-संगीतकारांची मुंबईतील आयपीआरएस ही संस्थाही त्या प्रतीपोटी काही वसूल करू शकत नाही.