डकवीड, वुल्फिया व अ‍ॅझोला : पाळीव माशांसाठी घरगुती लागवड

काचेच्या टाकीतल्या माशांना ताजा हिरवा चारा मिळावा म्हणून टबात, थर्माकोलच्या पेटीत किंवा गच्चीवरच्या छोट्या टाक्यात पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती वाढवण्याची पद्धत. मासे पाळणारे पाण्यावरच्या या सगळ्या हिरव्या थराला सरसकट ‘डकवीड’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात निदान तीन निरनिराळ्या वनस्पती असतात. लेम्ना व स्पायरोडेला हे खरे डकवीड. वुल्फिया त्याच कुळातली, पण मुळे नसलेली. अ‍ॅझोला मात्र नेचा आहे. त्याला फूल येतच नाही.

ओळख पटवायला बोटाचे टोक पाण्याला टेकवावे. लेम्ना मसुराच्या डाळीएवढी चिकटून वर येते आणि तिच्या खाली एकच पांढरे मूळ लोंबते. स्पायरोडेला थोडी मोठी, खालून जांभळट, आणि तिला मुळांचा झुबका असतो. वुल्फिया बोटावर ओल्या हिरव्या रव्यासारखी लागते. तिचा एकेक दाणा एक मिलिमीटरहूनही लहान असतो आणि जगातल्या सर्वांत लहान सपुष्प वनस्पतींत तिची गणना होते. थायलंडमध्ये माणसेही ती खातात. तिथल्या भाषेत तिला ‘पाण्याची अंडी’ अशा अर्थाचे नाव आहे. लेम्नाचा चपटा हिरवा भाग पानासारखा दिसतो, पण ते पान नव्हे. खोड आणि पान मिळून झालेला तो एकच अवयव आहे. त्याच्या कडेच्या खाचेतून पिल्लू फुटते, काही काळ आईला चिकटून राहते आणि मग सुटते. ऊन, ऊब आणि खत जमले तर दोन-तीन दिवसांत सगळा माल दुप्पट होतो.

हे खत घरात आधीच असते. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, उरलेसुरले खाद्य तळाशी कुजते, आणि टाकी साफ करताना हे सगळे पिवळट पाण्याबरोबर मोरीत जाते. डकवीडला नेमके हेच पाणी हवे असते. नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मिळाला तर ते तो सर्वांत आधी उचलते. म्हणून दर आठवड्याला बदललेले पाणी टबात ओतले की वेगळे खत बहुधा लागत नाही. बांगलादेशात मिर्झापूर येथे १९९०च्या दशकात हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे रुग्णालयाच्या संकुलातले सांडपाणी डकवीडच्या लांब चराला मिळे आणि निघालेले डकवीड तळ्यातल्या कार्प माशांना घातले जाई.

लागवडीला पंधरा-वीस सेंटिमीटर खोल पाणी पुरते. खोलीपेक्षा पृष्ठभाग मोठा हवा, कारण पीक वरच्या थरात येते. मासळी बाजारातून मिळणारी थर्माकोलची पेटी स्वस्त तर असतेच, शिवाय उन्हात पाणी लवकर तापू देत नाही. पाणी २० ते ३० अंश सेल्सिअस असावे. ३५च्या पुढे गेले की डकवीड पांढरे पडू लागते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत काळ्या टबात ते टिकणे अवघडच. शेडनेटची सावली किंवा पूर्वेची खिडकी चालते. पावसाळ्यात धोका उलटा: टब भरून वाहिला की पीक गच्चीच्या नळीतून खाली जाते. काठाखाली एक भोक पाडून त्यावर जाळीचा तुकडा लावला की हा प्रश्न सुटतो.

माशांच्या मुख्य टाकीत डकवीड सोडू नये. मासे खातील तेवढे खातील हा हिशेब क्वचितच जुळतो. खाणारे मासे असतील तर दोन दिवसांत फस्त होते. नसतील तर खालच्या रोपांचा उजेड अडवते आणि फिल्टरच्या तोंडाशी अडकून बसते. हलते पाणी तर त्याला सोसतच नाही. हौशी लोक याला वैतागतात ते उगीच नाही. पण त्यामुळेच बियाणे फुकट मिळते: कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानात मागितले तर टाकीवरून जाळीने काढलेले मूठभर डकवीड पिशवीत घालून मिळण्याचा संभव असतो. नाल्यातून किंवा शहरातल्या नदीतून मात्र ते आणू नये. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू ही वनस्पती अंगात साठवते आणि तेच पुढे माशांच्या पोटात जातात.

खरे कसब काढणीत आहे. थर दाट झाला की खालच्या रोपांना उजेड मिळत नाही, ती पिवळी पडून कुजतात आणि पाण्याला वास येतो. उलट सगळे एकदम उपसले तर मोकळ्या पाण्यात धाग्यासारखे शेवाळ माजते आणि मग ते निवडत बसणे हे तांदळातले खडे वेचण्याहून किचकट काम. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी, पण अर्ध्याहून जास्त कधीच काढायचे नाही. काढताना मुळाची लांबी पाहावी. मुळे आखूड व रंग गडद असेल तर चारा कसदार. लांबलचक मुळे आणि फिकट रंग म्हणजे पाण्यातले खत संपले. उपाशी डकवीडमध्ये तंतू वाढतात आणि प्रथिने घटतात. सुक्या वजनात १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत प्रथिनांचा जो फरक आढळतो, त्याचे मुख्य कारण हेच.

सुक्या वजनाचे आकडे वाचताना एक भान ठेवावे. ताज्या डकवीडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. १०० ग्रॅम सावलीत वाळवले तर हाती पाच ते आठ ग्रॅम येते. म्हणून हा पूरक चारा आहे, पूर्ण आहार नव्हे. गोल्डफिश, कोई, तिलापिया, सिल्व्हर डॉलर आणि गवत्या (ग्रास कार्प) हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते आणि दात घशात असतात. एकदम भरपूर खाण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे चरणे त्याला मानवते. डकवीड पाण्यात जिवंत राहते, उरलेल्या गोळ्यांसारखे पाणी नासवत नाही, हा त्याचा मोठा फायदा. गप्पी आणि मोलीच्या छोट्या तोंडाला वुल्फिया बरी. ऑस्कर, अरोवाना किंवा फायटर यांच्यापुढे ही मेहनत वाया जाते.

अ‍ॅझोला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना जनावरांचे खाद्य म्हणून ओळखीचा आहे: सिल्पॉलिनचे (जाड प्लॅस्टिकचे) कापड अंथरलेला खड्डा, शेणकाला आणि सुपर फॉस्फेट. हीच कृती फ्लॅटच्या गॅलरीत करून पाहिली की शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. अ‍ॅझोलाच्या पानांतल्या पोकळ्यांत राहणारे निळे-हिरवे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन त्याला पुरवतात, त्यामुळे त्याची अडचण नायट्रोजनची नसते, स्फुरदाची (फॉस्फरसची) असते. ते कमी पडले की थर तांबूस होतो. कडक ऊन आणि थंडीतही तसेच दिसते. माशांच्या टाकीतले पाणी आणि मूठभर बागेची माती त्याला बहुधा पुरते. गोंडाळ आणि जलपर्णी तरंगत असल्या तरी चारा म्हणून कामाच्या नाहीत. गोंडाळाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. जलपर्णीची मुळे गोल्डफिश कुरतडतो, एवढेच.

साचलेले पाणी म्हटले की डासांचा विचार करावाच लागतो. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि महापालिकेचे कर्मचारी गच्चीवरचा टब पाहून ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. दर आठवड्याला लागवड ओतून देणे शक्य नसते. यावर उपाय म्हणून टबात चार-पाच गप्पी सोडतात. ते थोडी वुल्फिया खातात, पण अळ्या आधी खातात. मावा पडला तरी फवारणी करू नये. थर जाळीखाली बुडवून ठेवला की सुटून वर आलेला मावा हेच गप्पी टिपतात. चारा टाकीत घालण्यापूर्वी चाळणीत धुतला तर गोगलगायी, चतुराच्या अळ्या आणि हायड्रा हे डंख करणारे बारीक जलजीव बाहेर राहतात.

कधी कधी टबातली स्पायरोडेला थंडीत किंवा स्फुरद संपल्यावर नाहीशी होते आणि लागवड मेली असे वाटते. तेव्हा टब घासून धुण्याआधी तळचा गाळ बोटांनी चाचपावा. पिष्टाने भरलेल्या बारीक गडद कळ्या तिथे पडलेल्या असतात. ऊब आणि खत मिळाले की त्या फुटून वर येतात.