साठीनंतर तंबाखू सोडून काय मिळतं?

इंदूरात सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आपल्या काका मंडळींना तंबाखू सोडा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अरे पासष्टी उलटली, आता सोडून काय होणार, व्हायचं ते होऊन गेलं." आणि बोलता बोलता तळहातावर चुना लावून मळणं चालूच, दोन टाळ्या, चूर उडाला की चिमूट ओठात.

पण होऊन गेलं हे काही खरं नाही. 1951 साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच सिगरेटबद्दल विचारलं, आणि त्यातल्या 34 हजारांवर पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला गेला. 2004 ला हिशोब छापून आला (तेव्हा डॉल स्वतः 91 वर्षांचे, हे मला फार आवडतं), की ओढत राहणारे सरासरी 10 वर्षं आधी जातात, पण पन्नाशीत सोडली तर त्यातली 6 वर्षं परत मिळतात आणि साठीत सोडली तरी 3. तीन वर्षं म्हणजे नातवाची अख्खी कॉलेजची डिग्री झाली हो!

आता काका म्हणणार आम्ही कुठे ओढतो. बरोबर, 2016-17 च्या सर्वेक्षणात भारतातले 21.4 टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू घेत होते, ओढणारे निम्मेच, 10.7 टक्के. पण 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या आसपास निघाला, म्हणजे फुप्फुसं वाचली तरी हृदय सुटत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर सांगायलाच नको.

खरी गंमत त्या चुन्यात आहे. तंबाखूतलं निकोटिन आम्लात असलं की गालाच्या आतल्या कातडीतून नीट जात नाही, चुन्याने मिश्रण अल्कधर्मी झालं की ते मोकळं होतं आणि सरळ रक्तात शिरतं. आजोबा-पणजोबांनी केमिस्ट्री न शिकता हे शोधून काढलं, दाद द्यायला हवी, पण तलफ एवढी घट्ट बसते ती त्यामुळेच. निकोटिन दर दोनेक तासांनी रक्तात निम्मं होतं, रात्रभरात तळाला जातं, म्हणून डोळे उघडल्या उघडल्या हात डबीकडे जातो आणि ज्याचा तो तसा जातो त्याची सवय जास्त पक्की समजतात.

सुपारीचं प्रकरण वेगळं. तिने गालाच्या आतला भाग हळूहळू कडक होतो, तंबाखू नसला तरी. सुरुवातीला पोह्यांवरचं जिरावन (तिखट मसाला) भलतंच झोंबायला लागतं, मग जबडा उघडेना होतो, सराफ्याच्या खाऊगल्लीत पानी पताशा (पाणीपुरी) अख्खा तोंडात जाईना झाला तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, दाताच्या डॉक्टरला दाखवा. मध्य प्रदेशात गुटखा 2012 पासून बंद आहे, पण पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन मिसळायला कितीसा वेळ लागतो!

दाखवण्यात अर्थ आहे का? आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी टॉर्च घेऊन लोकांची तोंडं तपासली, तर 2005 च्या निष्कर्षात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी दिसले. मशीन नाही, काही नाही.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड होते, झोप उडते, घरच्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं, मग दोन-चार आठवड्यांत ओसरतं. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण लोक ते साध्या गमसारखं सतत चावतात आणि मग उचकी लागली म्हणून फेकून देतात. ते थोडं चावायचं, चुणचुण झाली की गालात दाबून ठेवायचं, ओसरली की परत चावायचं. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कारण चहा-कॉफीने तोंड आंबट होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही, चुन्याच्या बरोब्बर उलटं. हार्टचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. फोनवर मदत हवी असेल तर सरकारची 1800-11-2356 ही लाइन फुकट आहे.