बीडीडी चाळी तुरुंग म्हणून बांधल्या नव्हत्या

गणपतीला कोकणात घरी गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "वरळीला तुम्ही ज्या चाळीत राहायचात, तो इंग्रजांचा तुरुंग होता ना?" वर्षानुवर्षं फिरणारी ही गोष्ट खरी नाही.

मुंबईत कामगारांना राहायला जागा नव्हती, म्हणून 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. बीडीडी हे त्याचंच नाव. खर्चासाठी कर्ज काढलं, कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. 50 हजार खोल्यांचा संकल्प होता. उभ्या राहिल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, प्रत्येक साधारण 160 चौरस फुटांची.

मग तुरुंग कुठून आला? वरळीच्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथल्या काही चाळींत सत्याग्रहींना कोंडलं. म्हणजे तुरुंगाच्या चाळी झाल्या नाहीत, चाळींचा काही काळ तुरुंग झाला.

रूपही या समजाला पोसणारंच. मधोमध लांब अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, काँक्रीटच्या जाड भिंती, संडास सामायिक. पण खोलीच्या कोपऱ्यात मोरी आहे. कैद्याला कोणी स्वतंत्र मोरी बांधून देत नाही! त्याच पॅसेजमध्ये दुपारी पापड वाळायचे, रात्री अंथरुणं पडायची. रत्नागिरी, साताऱ्याहून आलेल्या गिरणी कामगारांनी तिथे संसार केले. त्यांच्या घराला कोठडी म्हटलेलं मला लागतं.